तक्ता नीट वाचता येतो, मग सकाळी धूसर का दिसतं?

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता वाचल्यावर ‘६/६ दिसतंय, डोळे ठणठणीत आहेत,’ असं ऐकून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. पण काहींची तक्रार तरीही चालूच राहते. सकाळी उठल्यावर तास-दोन तास सगळं धुरकट, दुपारपर्यंत स्वच्छ. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसतं आणि रस्ता हरवतो. वय साठीच्या पुढे असेल तर घरचे म्हणतात, मोतीबिंदू असणार. असतोही कधी कधी. पण सकाळी जास्त आणि दुपारी कमी, असा मोतीबिंदूचा स्वभाव नसतो. अशा वेळी शंका घ्यावी ती फुक्स डिस्ट्रॉफी या कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आजाराची. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये १३ रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं होतं.

कॉर्निया, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. त्याची नव्वद टक्के जाडी कोलॅजनच्या तंतूंनी भरलेली असते. आपली त्वचा आणि डोळ्याचा पांढरा भाग हेही कोलॅजनचेच, पण त्यांतून आरपार दिसत नाही. मग कॉर्नियातून कसं दिसतं?

हा प्रश्न मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो. कॉर्नियातला प्रत्येक तंतू सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा असतो आणि शेजाऱ्यापासून साधारण ६० नॅनोमीटरवर असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे या अंतराच्या कितीतरी पट. तंतूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, भोवतालच्या द्रवापेक्षा जास्त असल्यामुळे प्रत्येक तंतू थोडा प्रकाश विखुरतोच. शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये गणित मांडून दाखवलं, की हे तंतू स्वतंत्रपणे प्रकाश विखुरत असते तर कॉर्निया अपारदर्शकच झाला असता. तंतूंची मांडणी नियमित असल्यामुळे त्यांच्याकडून निघालेल्या लहरी आजूबाजूच्या दिशांना एकमेकींना रद्द करतात. शाळेत शिकलेलं व्यतिकरण ते हेच. सरळ पुढच्या दिशेने मात्र लहरी जुळतात आणि प्रकाश आरपार जातो.

पुढे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की मांडणी स्फटिकाइतकी काटेकोर नसली तरी चालतं. अपवर्तनांकातले चढउतार तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा लहान अंतरात मिटत असले की पुरे. मात्र तंतूंच्या मधे पाण्याची तळी साचली आणि ती तरंगलांबीच्या आकाराला पोचली, की लहरी रद्द होणं थांबतं. प्रकाशाचं विखुरणं वाढतं आणि कॉर्निया धुरकट होतो.

तंतूंच्या मधली शर्करायुक्त द्रव्यं पाण्याला सतत ओढत असतात. ते पाणी बाहेर काढण्याचं काम कॉर्नियाच्या मागच्या बाजूला असलेला षटकोनी पेशींचा एकेरी थर करतो, त्याचं नाव एंडोथेलियम. या पेशी आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, बाहेर टाकतात आणि त्यांच्यामागून पाणी निघून जातं. तरुणपणी त्या दर चौरस मिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास असतात. आपल्या डोळ्यात त्या विभागून नव्या तयार होत नाहीत, गेलेल्या पेशीची जागा शेजारणी पसरून भरतात.

फुक्समध्ये या पेशी वेळेआधी मरतात आणि त्यांच्याखालच्या पडद्यावर ‘गटे’ नावाचे सूक्ष्म उंचवटे येतात. युरोपीय वंशाच्या बहुतेक रुग्णांत ‘टीसीएफ४’ या जनुकातला तीन अक्षरांचा तुकडा अवाजवी वेळा पुनरावृत्त झालेला आढळतो. हा आजार स्त्रियांमध्ये जास्त दिसतो.

सकाळच्या धूसरपणाचा उलगडा आता सोपा आहे. रात्री पापण्या मिटलेल्या असतात, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत नाही. निरोगी कॉर्नियाही झोपेत काही टक्के फुगतो, पण त्याचा एंडोथेलियमचा पंप उठल्यावर पाणी पटकन ओढून काढतो. दुबळ्या पंपाला ते जमायला दुपार होते. ५ टक्के मिठाचे थेंब सकाळी देतात ते याचसाठी, ते पुढच्या बाजूने पाणी ओढून घेतात. पंप मात्र त्यांनी सुधारत नाही. ‘चष्मा घालवा, मोतीबिंदू विरघळवा’ म्हणून मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या थेंबांना या पेशी परत आणता येत नाहीत, आणि मध किंवा कांद्याचा रस घातल्याने आधीच नाजूक झालेल्या पृष्ठभागाला इजा होऊ शकते.

मग तक्ता नीट वाचता येऊनही तक्रार का राहते? सकाळी पूर्वेकडे गाडी चालवताना सूर्य समोर आला, की काचेवरची धूळ डोळ्यांवर पडदा धरते. सूर्य पाठीमागे असला की तीच काच स्वच्छ वाटते. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्यात प्रतिमा उमटते त्या पडद्यावरही, असंच घडतं. गटे आणि साचलेलं पाणी काही प्रकाश पुढे, थोड्या मोठ्या कोनात विखुरतात. प्रतिमेच्या कडा जागच्या जागी राहतात, पण सगळ्या चित्रावर प्रकाशाचा पातळ थर पसरतो आणि कॉन्ट्रास्ट कमी होतो. पांढऱ्या तक्त्यावरची काळीभोर अक्षरं तरीही वाचता येतात. संध्याकाळच्या उजेडात करड्या पायरीची करडी कड मात्र दिसत नाही. शिवाय स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून डॉक्टरांना दिसतो तो मागे विखुरलेला प्रकाश, आणि रुग्णाला छळतो तो पुढे विखुरलेला. दोन्हींचं प्रमाण सारखंच असेल असं नाही.

म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सकाळच्या धूसरपणाबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावं. शस्त्रक्रियेत एंडोथेलियमच्या काही पेशी जातातच, आणि आधीच कमी असतील तर कॉर्निया कायमचा फुगू शकतो. फार दिवस फुगलेल्या कॉर्नियाच्या पुढच्या भागात चट्टे पडतात. त्यामुळे दात्याच्या कॉर्नियाचं रोपण उशिरा केलं, तर त्यानंतर तक्ता वाचता आला तरी दिव्यांचा त्रास काही प्रमाणात मागे उरतो.

पूर्वी अख्खा कॉर्निया बदलत. २००६ मध्ये नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ गेरिट मेलेस यांनी फक्त एंडोथेलियमसह मागचा पडदा, सुमारे १५ मायक्रॉन जाडीचा, बसवायला सुरुवात केली. तो हवेच्या बुडबुड्याने आतून दाबून चिकटवतात. या रोपणाला साठी-सत्तरीच्या दात्याचा पडदा बरा पडतो, कारण तरुण दात्याचा पडदा घट्ट गुंडाळला जातो आणि उलगडता उलगडत नाही. ‘म्हाताऱ्याचे डोळे कुणाला उपयोगी?’ हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. नेत्रदान केलं तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं, या भीतीला तर कुठलाच आधार नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओल्या कापसाची घडी ठेवावी, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा.