दहाचा आकडा नाही, म्हणून नाग नाही?

‘फण्यावर दहाचा आकडा नसेल तर तो नाग नव्हे, बिनविषारीच,’ असं कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात अजून ऐकू येतं. समज निराधार नाही. पुष्कळ नागांवर ती चष्म्यासारखी खूण ठसठशीत असते. पण काहींवर ती पुसट असते, काहींवर नसतेच. पूर्व भारतातल्या एका जातीच्या नागाला तर एकच वर्तुळ. शिवाय खूण फण्याच्या पाठीवर असते. समोरून बघणाऱ्याला ती कशी दिसणार? घोणस, मण्यार यांना फणाच नसतो, तरी दोन्ही जहाल विषारी. पडताळायचं तर वेगवेगळ्या नागांचे पाठीमागून काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा. फडात मात्र आकडा शोधू नका. लांब व्हा, सर्पमित्राला बोलवा.