ब्रिजमधील डिक्लेअररचा खेळ आणि बचाव

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये बोली संपल्यावर होणाऱ्या १३ हातांच्या खेळाच्या या दोन बाजू. डिक्लेअरर (बोली जिंकलेल्या जोडीतला खेळणारा) स्वतःची आणि डमीची, म्हणजे भिडूची टेबलावर उघडी मांडलेली, पाने खेळून करार, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, पुरा करू पाहतो. उरलेले दोघे भिडू तो बुडवायला बसतात. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये या खेळाची गुणपद्धती बसवली. त्यानंतर बोलीच्या पद्धती पुष्कळ बदलल्या, पण पाने खेळण्याचे मूळ तंत्र टिकून आहे. म्हणूनच त्यावर घेतलेली मेहनत आयुष्यभर पुरते.

डमी उघडताच डिक्लेअररने, पहिले पान टाकण्याआधी, थांबावे. बिनहुकमी (हुकमाचा रंग नसलेल्या) करारात हमखास मिळणारे हात मोजतात, हुकमी करारात बहुधा जाणारे. समजा, करार तीन बिनहुकमीचा आहे. म्हणजे सहा अधिक तीन, असे नऊ हात हवेत. डावीकडून बदामाची उतारी (पहिली चाल) झाली. डिक्लेअररकडे एक्क्यासह तीन बदाम, डमीत दोन बारीक. एक्का लगेच मारण्याचा मोह होतो. तो आवरून दोन हात सोडले आणि तिसरा घेतला, तर ५-३ वाटणीत उजवीकडचे बदाम संपतात. मग चौकटीची फिनेस (बाहेरचे मोठे पान सोयीच्या बाजूला आहे असे धरून त्याहून लहान पानाने हात काढण्याचा प्रयत्न) उजवीकडे हरली तरी बदाम परत येत नाही. वाटणी ४-४ असली, तर एकूण चारच हात जातात आणि करार पुरा होतो.

संधी एकापुढे एक लावणे हेही मोठे कौशल्य. बाहेरची सहा पाने ३-३ पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, फिनेसची ५०. हात न गमावता आधी वाटणी पाहता आली आणि ती फसल्यावरच फिनेस घेतली, तर शक्यता ६८ टक्क्यांच्या आसपास जाते.

बचाव अधिक अवघड, कारण भिडूची पाने दिसत नाहीत. इथे व्हिस्टच्या (ब्रिजच्या पूर्वज खेळाच्या) काळापासूनचा अकराचा नियम कामी येतो. भिडूने आपल्या लांब रंगातले वरून चौथे पान म्हणून सत्ती उतरली, तर ११ वजा ७, म्हणजे त्याहून मोठी चार पाने इतर तिघांकडे. डमीत राणी-नव्वी, आपल्याकडे एक्का-दश्शी, चारही सापडली; म्हणजे डिक्लेअररकडे सत्तीहून मोठे एकही नाही. डमीतून बारीक पान आले, तर आपणही बारीक टाकावे. सत्तीच हात करते आणि भिडूला त्याच रंगात पुन्हा उतारी करता येते.

खरा फरक मोजणीने पडतो. एका रंगाची तेरा पाने, पत्त्यांतले ४० गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि झालेली बोली यांचा मेळ घालायचा. सुरुवातीलाच पास दिलेल्याने एव्हाना अकरा गुण दाखवले असतील, तर हरवलेला राजा बहुधा दुसऱ्याकडे; तोही असता तर चौदा गुणांवर त्याने बोली केली असती.

डुप्लिकेट स्पर्धेनंतर (जिथे तीच पाने अनेक टेबलांवर खेळली जातात) संगणकाचे विश्लेषण पाहणे उपयुक्त आहे, पण त्याला ५२ पाने दिसतात, खेळाडूला २६. त्यामुळे संगणकाने चूक ठरवलेली चाल शक्यतांच्या हिशेबात बरोबर असू शकते.