नेक पिकअपचा जुना टोन: नेमका कुठल्या सालचा?

इलेक्ट्रिक गिटारच्या व्हिंटेज टोनसाठी नेक पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, गिटारच्या मानेजवळचा चुंबक-कॉइलचा संच) निवडताना बहुतेकांची नजर आधी कॉइलच्या रेझिस्टन्सवर आणि मॅग्नेटवर जाते. माझ्या मते त्याआधी साल ठरवावं, कारण तीसच्या आणि पन्नाशीच्या दशकांत या पिकअपकडून असलेली अपेक्षाच बदलत गेली.

गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार १९३६ मध्ये आली तेव्हा तिच्यावर एकच पिकअप होता आणि तो फिंगरबोर्डच्या (बोटं दाबण्याच्या पट्टीच्या) टोकाशी. तिथे तारेचा हेलकावा मोठा असतो. मूळ स्वर भरदार उमटतो, वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच उपस्वर) मागे राहतात. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ बँडमध्ये दाखल झाला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो वाजवू लागली. त्या पिकअपला पुढे त्याचंच नाव पडलं. १९४६ च्या सुमारास गिब्सनचा पी-९० हा पिकअप आला. त्याचा आवाज जाडसर, पण अटॅक (तार छेडल्याचा पहिला ठसका) जास्त धारदार.

फेंडर कंपनीच्या गिटारींची गोष्ट निराळी, आणि इथेच निवड करताना सर्वाधिक गफलत होते. टेलिकास्टरचा नेक पिकअप लहान, त्याची कॉइल ब्रिज पिकअपपेक्षा (तारांच्या दुसऱ्या टोकाच्या, ब्रिजजवळच्या पिकअपपेक्षा) बारीक तारेची, वर धातूचं कव्हर. कव्हर वरची चमक थोडी खातं. त्यात १९५२ ते १९६७ या काळात सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) पुढे ढकलला की सिग्नलच्या वाटेत वरचे स्वर कापणारा कपॅसिटर येई आणि बेस गिटारसारखा दबका, खोल आवाज निघे. साधा नेक पिकअप टोन कंट्रोलसह मधल्या जागी मिळे. दोन्ही पिकअप एकत्र मिळतच नसत. म्हणजे तो जुना काळोखा आवाज निम्मा वायरिंगचा आहे. नुसता पिकअप बदलून तो येणार नाही.

फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर कव्हर प्लास्टिकचं, त्यामुळे नेकचा आवाजही मोकळा, घंटेसारखा. तिच्या मॅग्नेटच्या कांड्या कमीजास्त उंचीच्या आहेत, कारण तेव्हा तिसरी, म्हणजे जी तार गुंडाळलेली (वरून बारीक तार वेढलेली) असे. आज साधी जी तार लावली की ती बाकीच्यांच्या वर ओरडते. जुन्या उंचीचा हुबेहूब पिकअप घेण्याआधी हे नक्की तपासा.

गिब्सनच्या सेथ लव्हरच्या हंबकरचा (गुणगुण दाबणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचा) पेटंट अर्ज १९५५ चा. १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागला. पिकअपच्या खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' (पेटंटसाठी अर्ज केला आहे) असं स्टिकर, म्हणून पीएएफ. नेकसाठी वेगळा आणि ब्रिजसाठी वेगळा असा भेद गिब्सनने केलाच नव्हता. गुंडाळणीचे फेरे कमीजास्त होत, मॅग्नेटही वेगवेगळ्या प्रतीचे पडत. म्हणून रेझिस्टन्स साधारण ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान कुठेही भरतो. कमी फेऱ्यांचा नग योगायोगाने नेकला आला, तर ती गिटार जास्त स्पष्ट बोलते. आज नेकसाठी पीएएफ धर्तीचा पिकअप घ्यायचा तर मी साडेसातच्या आतला घेईन, ५०० के (किलोओहम) पॉटसह, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबमागच्या रेझिस्टरसह. क्रीम या रॉक बँडच्या काळात गिटारवादक एरिक क्लॅप्टनने गाजवलेला 'वुमन टोन' हा मऊ, गोल आवाजसुद्धा टोनचा नॉब पार खाली आणून काढलेला आहे. त्यासाठी जास्त फेऱ्यांचा, गढूळ पिकअप लागत नाही.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये सापडत नाही. जुन्या २१-२२ फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) गिटारवर नेक पिकअप साधारण चोविसाव्या फ्रेटच्या जागी येतो. २४ फ्रेटच्या गिटारवर तो ब्रिजकडे सरकतो, आणि मग कुठलाही पिकअप लावला तरी ती गोलाई पूर्ण येत नाही.