खांद्यातली प्लेट काढायची आहे? भरती होण्याआधी मेडिक्लेमची फाईल तपासा

मेडिक्लेमच्या फाईलींना मदत करणाऱ्या आमच्या कार्यालयात येणारे बरेच जण खुर्चीत बसता बसताच विचारतात, "प्लेट टाकली तेव्हा क्लेम झाला, मग काढताना का अडला?" या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट सांगता यावं म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे.

प्लेट टाकताना हाड मोडलेलं असतं, एक्स-रेवर ते स्पष्ट दिसतं. काढताना मात्र हाड जुळलेलं असतं. मग पेशंटला भरती का करावं लागलं? विमा कंपनी हेच विचारते आणि उत्तर शोधते डॉक्टरांच्या लिखाणात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "इम्प्लांट काढण्यासाठी दाखल" असेल, तर फाईल तपासणाऱ्याला उपचाराची गरज दिसत नाही आणि क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारं पत्र, येते. हात वर नेताना दुखत होतं, स्क्रू सैल झाला होता, स्क्रूचं टोक सांध्यात टोचत होतं, जखमेतून पाणी येत होतं, यातलं जे खरं असेल ते ओपीडीच्या कागदापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत सगळीकडे सारखं लिहिलेलं हवं. खोटं कारण लिहून घेऊ नका. आम्ही अशी फाईल हातात घेत नाही.

कोड म्हणजे काय?

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' रुग्णालय भरतं. कोड म्हणजे आजाराला किंवा शस्त्रक्रियेला ठरावीक यादीतून दिलेली अक्षर-आकड्यांची खूण. भाग 'ब'मध्ये आजारासाठी आयसीडी-10 आणि शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-10 पीसीएस या याद्यांमधल्या दोन कोडांच्या जागा असतात.

हाड जुळल्यावर ठरल्याप्रमाणे प्लेट काढली तर आजाराचा कोड झेड 47.0. प्लेट किंवा स्क्रू सैल झाला, तुटला, सरकला तर टी 84.1. प्लेटपाशी जंतुसंसर्ग झाला तर टी 84.6. बदललेला कृत्रिम सांधा सैल झाला तर टी 84.0 आणि त्यात संसर्ग असेल तर टी 84.5. पेशंटच्या तोंडी या सगळ्याला "प्लेट काढली" असंच म्हणतात, पण फाईल वाचणाऱ्यासाठी हे वेगवेगळे आजार आहेत. संसर्ग झाला असताना सवयीने झेड 47.0 टाकला, तर आठवडाभर चाललेल्या इंजेक्शनांचं बिल त्या कोडशी जुळत नाही आणि तिथे कात्री लागते. अशा वेळी पूचा कल्चर रिपोर्ट (पूमधल्या जंतूंच्या तपासणीचा अहवाल) फाईलमध्ये असलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या कोडात डावं-उजवं अक्षरावरून ठरतं. उजव्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकातली प्लेट उघडून काढली तर शून्य-पी-पी-सी-शून्य-चार-झेड. डाव्या बाजूला 'सी'च्या जागी 'डी'. एका अक्षराने खांदा बदलतो! आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेच्या फाईलमध्ये एक्स-रे डाव्या खांद्याचा होता आणि डिस्चार्ज कार्डावर उजवा लिहिला होता. दुरुस्तीचं पत्र मिळेपर्यंत बाईंना खूप हेलपाटे घालावे लागले. घरी निघण्याआधी कार्डावरची बाजू स्वतः वाचा.

हुक प्लेटचं थोडं वेगळं. गळपट्टीचं हाड खांद्याच्या टोकापाशी निखळलं की ही प्लेट बसवतात. तिचा आकडा खांद्याच्या हाडाखाली अडकवलेला असतो आणि तिथे घासतो, म्हणून ती साधारण तीन-चार महिन्यांनी काढावीच लागते. पहिल्याच डिस्चार्ज कार्डावर "पुढे प्लेट काढावी लागेल" असं लिहून घेतलंत तर दुसरा क्लेम सोपा जातो.

प्रतीक्षा काळ

पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात काही उपचारांचा खर्च मिळत नाही, तो प्रतीक्षा काळ किंवा वेटिंग. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. "अपघात होता, अपघाताला वेटिंग नसतं," असं लोक सांगतात. ते पहिल्या शस्त्रक्रियेला लागू होतं. पॉलिसी घेण्याआधीच प्लेट बसलेली असेल, तर कंपनी ती आधीपासूनची व्याधी मानू शकते. एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार अशा व्याधींचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 3 वर्षांचा असतो. म्हणून प्लेट कधी टाकली आणि पॉलिसी कधी सुरू झाली, या दोन तारखा आम्ही आधी विचारतो. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये जुनी प्लेट सांगितली होती का, हेही पाहतो. डॉक्टरांच्या मते थांबता येण्यासारखं असेल आणि प्रतीक्षा काळ संपायला थोडेच महिने उरले असतील, तर थांबा असंच आम्ही सांगतो. संसर्ग असेल तर पॉलिसीसाठी थांबू नका.

बिलात काय पाहाल?

काढण्याच्या बिलात नव्या इम्प्लांटची रक्कम दिसली तर ते का, हे विचारा. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू कधी कधी प्लेटमध्ये घट्ट रुतून बसतात, डोकं झिजतं, वेगळी अवजारं मागवावी लागतात. तासाभराचं ऑपरेशन अडीच तास चालतं आणि बिल अंदाजापेक्षा वर जातं. तसं झालं असेल तर ऑपरेशन नोटमध्ये ते लिहिलेलं असावं, नाहीतर वाढीव रक्कम मान्य होणं अवघड.

खोलीचं भाडं जपून ठरवा. पॉलिसीत दिवसाला 4000 रुपयांची मर्यादा आहे आणि तुम्ही 6000 ची खोली घेतली, तर कपात फक्त भाड्यात होत नाही. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर अशा खर्चाचेही दोन तृतीयांशच मिळू शकतात. हा खर्च 60,000 असेल तर 20,000 तुमच्या खिशातून. औषधं आणि वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लागू करता येत नाही. ती केलेली दिसली तर पत्र घेऊन आमच्याकडे या.

कॅशलेस असेल तर नियमाप्रमाणे पहिल्या मंजुरीचा निर्णय 1 तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम निर्णय 3 तासांत द्यायचा असतो. त्यानंतरच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची.

येताना पॉलिसीची प्रत, पहिल्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, तेव्हाचे आणि आताचे एक्स-रे आणि प्लेट काढण्याचा सल्ला लिहिलेला ओपीडी कागद आणा. अपघाताची पोलिसांत नोंद असेल तर तिचीही प्रत. शस्त्रक्रियेनंतर प्लेट निघाल्याचा एक्स-रे काढून घ्या, तो हमखास मागतात. फिजिओथेरपीची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे दिवस पॉलिसीत दिलेले असतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. त्या कामासाठी आम्हाला पैसे देण्याची गरज नाही.

क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही तारखेच्या शिक्क्यासकट जपून ठेवा.