बडोदे कॉलेज : परभाषांचे अध्यापन

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेले महाविद्यालय. हल्लीच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला विद्याशाखा. स्थापनावर्ष काही साधनांत 1881, काहींत 1882 असे आढळते. विद्यापीठ 1881 धरते व तेच ग्राह्य मानणे श्रेयस्कर. घुमटाच्या प्रसिद्ध इमारतीचा आराखडा रॉबर्ट फेलोज चिझम याचा. 1949 पर्यंत कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते.

येथील परभाषा-अध्यापनात अरविंद घोष यांचे नाव नेहमी घेतले जाते. ते 1893 मध्ये बडोद्यास आले ते प्राध्यापक म्हणून, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. आरंभी ते जमीन मोजणी व जमाबंदीच्या खात्यात होते, पुढे महसूल खाते आणि सचिवालयात. कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला तो फ्रेंच शिकवण्यासाठी, तोही अर्धवेळ, बहुधा 1897 च्या सुमारास. इंग्रजीचे प्राध्यापकपद त्यानंतरचे. उपप्राचार्यपदाचे साल कोणी 1904, कोणी 1905 देतात. 1906 मध्ये त्यांनी बडोदे सोडले. कन्हैयालाल मुनशी हे त्यांचे येथील विद्यार्थी. दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहत असलेल्या या फ्रेंचच्या अध्यापकाने मराठी व गुजराती बडोद्यातच आत्मसात केल्या, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. वास्तविक बडोद्याच्या बहुभाषिक वातावरणाची ती मोठी साक्ष आहे.

त्याच वातावरणातून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ (1931) हा राज्यकारभाराचा कोश सिद्ध झाला. त्यात इंग्रजी संज्ञेला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. कचेरीत रोज लागणारा शब्द सात भाषांत ताडून पाहण्याची ही सोय होती. आजच्या मराठी परिभाषाकारांनीही तो हाताशी ठेवावा, इतक्या योग्यतेचा तो आहे.

प्राच्यविद्या मंदिर (1927) ही निराळी संस्था असून तिचा भर संस्कृत हस्तलिखितांवर आहे. कॉलेज व मंदिर या दोहोंची गल्लत करू नये.

1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. माध्यम इंग्रजी राहिले. गुजराती विभागात दीर्घकाळ शिकवणारे सुरेश जोशी यांनी ‘क्षितिज’ मासिकातून युरोपीय साहित्याचा परिचय घडवला. परभाषा-विभागांबाहेर झालेले हे कार्य प्रभावाच्या दृष्टीने अधिक दूरगामी म्हणावे लागेल. सध्या फ्रेंच, जर्मन व रशियन यांचे स्वतंत्र विभाग असून फारसी, अरबी व उर्दू एका विभागात शिकवल्या जातात. मराठीचाही स्वतंत्र विभाग आहे.