थोरियम आणि सेरियम: गॅसबत्तीच्या जाळीमागचा इतिहास

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि डिस्प्रोसियम, टर्बियम, इट्रियम ही नावं एकदम बातम्यांत आली. वाचणाऱ्याला वाटावं, हे सगळं क्षेपणास्त्रं आणि विजेवरच्या गाड्यांपुरतं, कालपरवाचं प्रकरण आहे. सोलापूरकरांनी मात्र या गोतावळ्यातलं एक मूलद्रव्य आणि त्याचा जन्माचा सोबती फार आधीपासून डोळ्यांसमोर झगझगताना पाहिला आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या पालांत, लग्नाच्या वरातीत, पंढरीच्या वाटेवरच्या राहुट्यांत जी गॅसबत्ती फुरफुरायची, तिच्या पांढऱ्या जाळीत ही जोडी होती: गोतावळ्यातलं सेरियम आणि त्याचा सोबती थोरियम.

दोघांपैकी सेरियम आधी सापडलं. १८०३ मध्ये स्वीडनमधल्या एका जड खनिजातून बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी त्याचं ऑक्साइड वेगळं काढलं. त्याच वर्षी जर्मनीत क्लापरोथनेही स्वतंत्रपणे तेच केलं. सीरीस हा लघुग्रह दोनच वर्षांपूर्वी सापडला होता, त्याचं नाव या नव्या पाहुण्याला मिळालं. थोरियमही त्याच बर्झेलियसच्या हाती लागलं, १८२९ मध्ये, नॉर्वेहून आलेल्या एका काळ्या खनिजातून. पुढची पन्नासेक वर्षं दोघांना कुणी फारसं विचारलं नाही. सेरियमचं एक क्षार गरोदरपणातल्या उलट्यांवर औषध म्हणून दिलं जायचं, एवढाच काय तो उपयोग.

आवर्त सारणीत सेरियम ५८ व्या घरात आणि थोरियम ९० व्या, म्हणजे बरोबर त्याच्या खाली. रासायनिक स्वभाव बराच जुळतो आणि म्हणूनच मोनाझाइट या एकाच खनिजात दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात. धातू म्हणून मात्र दोघांची जात वेगळी. सेरियम मऊ, चाकूने कापता येईल इतकं. सुमारे ८०० अंश सेल्सियसला वितळतं, उघड्यावर ठेवलं की काळवंडून त्याची पूड व्हायला लागते. थोरियम घनतेत शिशाच्या पंगतीतलं, पाण्याच्या जवळजवळ बारापट. वितळायला १,७५० अंश लागतात आणि त्याचं ऑक्साइड तर ३,३०० अंशांपर्यंत दाद देत नाही. सर्वांत मोठा फरक अणूच्या गाभ्यात आहे: सेरियम स्थिर, थोरियम किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं, म्हणजे किरणोत्सार अगदी मंद. आणि ‘दुर्मिळ’ म्हणाल तर दोघंही तसे नाहीत. भूकवचात सेरियम जवळपास तांब्याइतकं आहे आणि थोरियम युरेनियमच्या तिपटीच्या आसपास. अडचण असते ती एकमेकांपासून सोडवण्याची.

ही सोडवणूक ज्याने आयुष्यभर केली तो ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. जर्मन रसायनतज्ज्ञ बुन्सेनच्या हाताखाली शिकलेला हा माणूस दुर्मिळ मृदांची संयुगं ज्योतीत धरून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करत होता. कापसाचा धागा या द्रावणांत भिजवून जाळला तर धागा जातो, पण त्याच्या आकाराचा ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि ज्योतीत तो लखलखतो, हे त्याच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं. त्या जाळीत मॅग्नेशियम, लँथॅनम आणि इट्रियम होतं. प्रकाश हिरवट पडायचा, जाळी चटकन तुटायची. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि कारखाना बंद पडला.

मग तो थोरियमकडे वळला आणि इथे या कथेतली सर्वांत गमतीची गोष्ट घडली. थोरियमची जाळी सुरुवातीला छान उजेड द्यायची. पण तो थोरियम जसजसं शुद्ध करत गेला, तसतसा उजेड मंदावत गेला. म्हणजे प्रकाश देणारं थोरियम नव्हतंच, त्यात राहून गेलेली भेसळ होती. ती भेसळ म्हणजे सेरियम. अनेक प्रमाणं तपासून शेवटी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हा हिशेब पक्का झाला आणि १८९१ मध्ये व्हिएन्नात नवी जाळी लोकांसमोर आली. आजवरच्या थोरियमच्या जाळ्या याच मापाच्या.

एकच टक्का का? तापलेली वस्तू बरीचशी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत उधळून टाकते, म्हणून चूल कितीही तापली तरी खोली उजळत नाही. थोरियम ऑक्साइड ही उधळपट्टी फार कमी करतं; त्यामुळे ते ज्योतीत अतिशय तापतं, पण स्वतः प्रकाशही जेमतेमच देतं. सेरियम ऑक्साइड दृश्य प्रकाश भरपूर फेकतं, मात्र प्रमाण वाढलं की उष्णताही फेकू लागतं आणि जाळी थंडावते. दुधाला विरजण लागतं तेवढंच सेरियम. बाकी काम थोरियमने तापत राहण्याचं.

सोलापूरसारख्या कापडाच्या गावाला यातली दुसरी बाजू जास्त जवळची वाटावी. मेंटल, म्हणजे बत्तीची ही जाळी, आधी कापड असतं. सुती धाग्याची, पुढे रॅमीच्या आणि मग कृत्रिम रेशमाच्या धाग्याची सैल वीण, त्याची छोटी पिशवी, थोरियम आणि सेरियमच्या नायट्रेटमध्ये बुडवून वाळवलेली. दुकानातून आणलेलं मेंटल मऊ असतं. ते बत्तीच्या तोंडाला दोऱ्याने बांधायचं, स्पिरिट टाकून नळी तापवायची, पंप मारून हवा भरायची. रॉकेलची वाफ पेटली की पिशवी आधी काळी पडते, आक्रसते आणि मग एकदम पांढरीशुभ्र फुलते. त्या क्षणी कापड संपलेलं असतं, उरलेलं असतं ते निव्वळ ऑक्साइड. बोट लागलं तरी ढासळतं. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बायामाणसांची चाल इतकी संथ आणि सरळ का असायची, याचं उत्तर त्या जाळीत आहे. बँडवाले नाचतील, नवरदेवाचे मित्र नाचतील. बत्तीवाल्याने खड्ड्यात पाय टाकला की अंधार. ज्या बत्तीला आपण सरसकट पेट्रोमॅक्स म्हणतो ती १९१० च्या सुमाराची, बर्लिनच्या ग्रेट्झ कारखान्याची. घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आणि बाहेरच्या कार्याला गॅसबत्ती, अशी वाटणी आपल्याकडे बराच काळ चालली.

मेंटलचा खप वाढला तसा थोरियमचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या कॅरोलायनातून आणि मग ब्राझीलच्या किनाऱ्यावरून मोनाझाइटची वाळू युरोपात जाऊ लागली. भारत या नकाशावर आला तो काथ्यामुळे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण दिसले. तो थेट मनवलकुरिचीला येऊन ठेपला, जे आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. तिथल्या मोनाझाइटमध्ये थोरियमचं प्रमाण ब्राझीलच्या वाळूपेक्षा सरस निघालं.

या धंद्यात एक पंचाईत होती. मोनाझाइटमध्ये थोरियम थोडं आणि सेरियम व त्याची भावंडं त्याच्या कितीतरी पट. एक टक्क्यापुरतं सेरियम वापरून बाकीचे ढीग कारखान्यामागे साचत. आउअरने त्यावरही तोड काढली: १९०३ मध्ये सेरियमप्रधान मिश्रधातूत सुमारे ३० टक्के लोखंड घालून त्याने कृत्रिम चकमक बनवली. सेरियमचे खरवडलेले कण हवेतच पेट घेतात. बिडी-सिगरेटच्या लायटरमधला चाकाखालचा खडा तो हाच. (स्वयंपाकघरातला टक-टक वाजणारा लायटर वेगळा, त्यात खडा नसतो, दाब दिल्यावर वीज निर्माण करणारा स्फटिक असतो.)

स्वातंत्र्याच्या आसपास थोरियमचं महत्त्व पार बदललं. ते किरणोत्सारी आहे, हे १८९८ मध्येच श्मिट आणि मेरी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं. अणुबाँबनंतर त्याकडे इंधन म्हणून पाहिलं जाऊ लागलं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळात आलुव्याला कारखाना सुरू झाला आणि १९५५ पासून मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं. होमी भाभांच्या अणुऊर्जेच्या त्रिस्तरीय आराखड्यात शेवटचा टप्पा थोरियमचा होता. म्हणजे एकाच काळात हे मूलद्रव्य देशाचं भावी अणुइंधन होतं आणि मेंटलच्या कारखान्यांचा कच्चा मालही.

हा दुसरा उपयोग हळूहळू मागे पडला. एक तर वीज आली. दुसरं, जाळी मोडल्यावर उडणारी भुकटी श्वासातून आत गेली तर शरीरात राहून अल्फा किरण सोडत राहते. जवळ बसून कीर्तन ऐकणाऱ्याला त्यापासून फारसा धोका नव्हता. खरा प्रश्न मेंटल बनवणाऱ्या कामगारांचा. परदेशात काही उत्पादकांनी १९९० च्या दशकात थोरियम काढून इट्रियम घातलं. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं, कारण क्ष-किरण चित्रांसाठी थोरियमचं औषध टोचून घेतलेल्या रुग्णांना यकृताचे कर्करोग झाल्याचा धडा तोवर जुना झाला होता.

बत्ती गेली, तरी सेरियम उजेडातून गेलं नाही. १९९६ मध्ये जपानच्या निचिया कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. त्यात निळ्या चिपवर पिवळा लेप असतो आणि तो लेप म्हणजे इट्रियम-ॲल्युमिनियमच्या स्फटिकात मिसळलेलं थोडंसं सेरियम. गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यांवर आज जे पांढरे दिवे लखलखतात, त्यांतही हे मूलद्रव्य पुन्हा चिमूटभरच आहे. शिवाय सेरियम तीन आणि चार अशा दोन संयुजांत सहज ये-जा करतं, म्हणजे ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं. गाडीच्या सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या जाळीत त्याची हीच सवय कामाला येते. थोरियम चारवरच अडून बसतं. आरसे, भिंगं आणि काचेचे पडदे घासून चकचकीत करायलाही सेरियमचीच पूड.

थोरियमचं घोडं अडलं ते वेगळ्या कारणाने. ते स्वतः इंधन नाही. त्याने न्यूट्रॉन गिळला की टप्प्याटप्प्याने युरेनियम-२३३ तयार होतं आणि ते फुटतं. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालते. तिची क्षमता ३० किलोवॅट. तुलनेसाठी, सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प १,३२० मेगावॅटचा आहे आणि तो कोळशावर चालतो.

दोघांची गाठ आजही पडते ती वर्कशॉपमध्ये. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग चालतं तिथे टंगस्टनच्या कांड्या पाहा. लाल टोकाच्या कांडीत २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं, राखाडी टोकाच्या कांडीत २ टक्के सेरियम ऑक्साइड. दोन्हींमुळे इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पटकन धरते. जास्त करंटला लाल कांडी टिकते, पातळ पत्र्याला राखाडी बरी. लाल कांडीला टोक काढताना ग्राइंडरवर उडणारी धूळ तेवढी नाकात जाऊ द्यायची नाही. तोंडाला फडकं बांधणं पुरेसं नाही, चांगला मास्क आणि धूळ ओढणारी सोय हवी.

खाणीचा हिशेब मात्र आता उलटा झाला आहे. आज सगळ्यांना हवं आहे चुंबकासाठीचं निओडिमियम. तेही मोनाझाइटमधूनच निघतं आणि त्याच्यासोबत सेरियम नको तितकं बाहेर येतं, म्हणून दुर्मिळ मृदांमध्ये ते सर्वांत स्वस्तांपैकी एक आहे. थोरियमला तर खुला बाजारच नाही: मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि त्यातून वेगळं काढलेलं थोरियम सरकारी ताब्यात साठवून ठेवलं जातं.