दोन-तीन कोटींची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? बुकिंगच्या आधी आराम आणि ताकद अशी पारखा

नमस्कार मंडळी. "गाडी घेऊन राहिलो, एकदा बघून द्या" असं म्हणत आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक लिहिलंय. आम्ही नागपुरातच काम करतो, गाड्या विकत नाही, कुठल्याही शोरूमकडून कमिशन घेत नाही, आमची फी फक्त गाडी घेणारा देतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तुम्ही आमच्याकडे न येता स्वतः करून बघितलं तरी चालेल, करा मात्र नक्की, कारण रक्कम मोठी आहे आणि गाडी आठ-दहा वर्षं घरात राहणार आहे.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ, गाडी आधीच थंड करून ठेवलेली, वर्धा रोडवर एक चक्कर, सेल्समन म्हणतो सर एकदा पूर्ण दाबून बघा, पाठ सीटला चिकटते, सगळे खूश, आणि बुकिंगचा चेक. यात दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे नागपूरची दुपार, आणि दुसरी म्हणजे मागची सीट. या किमतीची गाडी घेणाऱ्याकडे बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो, मागे आई-वडील बसतात, नाहीतर मालक स्वतः फोनवर बोलत बसतो. मग पारख पण तिथूनच व्हायला पाहिजे ना. जो माणूस रोज मागे बसणार त्यालाच घेऊन या, आणि त्याला मागेच बसवा, निदान एक तास.

मागच्या सीटवर काय बघायचं

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फ्लोअरखाली असते, त्यामुळे फ्लोअर वर येतो आणि सीट तेवढी वर नेली नसेल तर गुडघे वर उचललेले राहतात. शोरूममध्ये पाच मिनिटं बसलं तर हे कळतच नाही, पण अमरावतीपर्यंत जाईस्तोवर मांड्या आणि कंबर बोलायला लागतात. तपासायची पद्धत सोपी आहे. पाठ पूर्ण टेकवून, चप्पल-बूट घालूनच बसा, पाय नेहमीसारखे ठेवा, आणि गुडघ्याच्या थोडं मागे मांडीखाली आपला तळहात आडवा सरकवून बघा. हात आरामात आत जात असेल तर मांडीला आधार नाही, सगळं वजन बैठकीच्या हाडांवर पडतंय. हात अडकत असेल तर सीट बरोबर आहे. हे करताना पुढची सीट तुमच्या ड्रायव्हरच्या उंचीप्रमाणे लावलेली पाहिजे, शोरूमवाल्यांनी ती पुढे ढकलून ठेवलेली असते आणि मग मागे महालासारखी जागा दिसते.

मर्सिडीज-मायबाख ईक्यूएस 680 एसयूव्ही (सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम 2.25 कोटी) सारख्या गाडीत मागच्या सीट मागे झुकतात, पोटरीला आधार असतो, मसाज असतो, सगळं आहे आणि छान आहे. पण मसाज चालू करून सीट पारखू नका. सगळं बंद ठेवा, अर्धा तास नुसतं बसा, मग उतरताना कंबर काय म्हणते ते बघा.

चढणं-उतरणं हा तर वेगळाच विषय आहे आणि आमच्या मते आपल्याकडे तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. दार किती उघडतं, पायरी आहे का, पायरीवर अख्खं पाऊल बसतं का नुसता चवडा टेकतो, साडीत पाय उचलताना काठ अडकतो का, धरायला हँडल कुठे आहे. घरात गुडघेदुखी असलेलं माणूस असेल तर त्यांना तीन-चार वेळा चढ-उतर करू द्या, घाई करू नका, तिसऱ्या वेळी खरं काय ते समजतं. एअर सस्पेन्शनवाल्या (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेल्या) गाड्या उभ्या असताना खाली येतात का तेही विचारा आणि करून दाखवायला सांगा.

ऊन

ही टेस्ट आम्ही कधीच सोडत नाही. नवतपात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि काळ्या लेदरची, मोठ्या काचेच्या छपराची गाडी उघड्यावर दोन तास उभी राहिली की आत काय होतं ते सांगायला नको. गाडी दुपारी उन्हात उभी करा, मागच्या दोन हेडरेस्टच्या मधे, बसणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर साधा डिजिटल थर्मामीटर लटकवा, मग एसी चालू करून बघा मागे 26 अंश यायला किती मिनिटं लागतात. पुढच्या डॅशबोर्डवर आकडा लवकर खाली येतो, तो बघून फसू नका, मागचा बघा. काचेच्या छपरावर पडदा आहे का, तो लावल्यावर डोक्याला धग लागते का, सीट व्हेंटिलेशन हवा ओढून घेतं का नुसता आवाज करतं, हे पण तिथेच कळतं.

या गाड्यांचा एक मोठा फायदा असा की मोबाइलवरून आधीच एसी चालू करता येतो, आणि घरी चार्जरला लावलेली असेल तर ती वीज बॅटरीतून न जाता चार्जरमधून घेते. रोज निघायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ही सवय लावली तर उन्हाळा खरंच सोपा होतो. पण बहुतेक गाड्यांत केबिनला आणि बॅटरीला थंड ठेवणारी यंत्रणा एकाच कॉम्प्रेसरवर चालते, म्हणून भर दुपारी फास्ट चार्जरवर लावून आत बसाल तर एसी थोडा कमी पडू शकतो, हे पण एकदा बसून बघायला हवं.

आवाज आणि धक्के

इंजिन नाही म्हणून गाडी शांत, असं सगळे म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. इंजिनचा आवाज गेला की त्याखाली दबलेले बाकीचे आवाज वर येतात, टायरचा, आरशापाशी वाऱ्याचा, ब्लोअरचा, कुठल्यातरी प्लास्टिकची किरकिर. आणि नागपुरात सिमेंटचे रस्ते भरपूर, त्यावर टायरचा घूं आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येतो, शिवाय सांध्यांवर ठक-ठक. म्हणून रस्ता निवडताना सिव्हिल लाइन्सच्या सावलीतला गुळगुळीत तुकडा पुरेसा नाही. आम्ही रामदासपेठेतून वर्धा रोडला डबल डेकर पुलाखालून जातो, मग हिंगण्याकडे, शिवमडक्याला समृद्धीवर चढतो, आणि येताना इतवारीतून आणतो. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप फार अचूक नसतं, पण दोन गाड्या एकाच फोनने, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाला मोजल्या तर फरक मात्र बरोबर सांगतं.

चाकांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे, ऑप्शन असेल तर छोटी घ्या. 22 इंची चाक दिसायला भारी, पण टायरची रबरी भिंत कमी उरते आणि खड्ड्याची धार सरळ आत येते, एअर सस्पेन्शन मोठे चढउतार गिळतं, ही तीक्ष्ण धार त्याला गिळता येत नाही. दुसऱ्या बाजूला सस्पेन्शन फारच मऊ असेल तर 80-100 च्या वेगाला गाडी झोपाळ्यासारखी डुलते आणि मागे बसून मोबाइल वाचणाऱ्याला मळमळतं. पेंचच्या रस्त्यावर, म्हणजे 44 नंबर हायवेला, हे चांगलं तपासता येतं.

मळमळीचं अजून एक कारण आहे आणि ते फार लोकांना माहीत नसतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरसारखी वीज तयार करून परत बॅटरीत भरते, त्याला रीजन म्हणतात, आणि ड्रायव्हरचा पाय हलका नसेल तर प्रत्येक वेळी गाडीला बारीकसा ब्रेक लागतो. मागे बसणाऱ्याची मान बघा, सिग्नल जवळ आला की पुढे-मागे पुढे-मागे होत असते. ईक्यूएससारख्या गाड्यांत स्टीअरिंगमागच्या पॅडलने हे कमी करता येतं किंवा पूर्ण बंदही करता येतं, मायबाखमध्ये तर मागच्या माणसासाठी वेगळा मायबाख मोडच दिलाय. टेस्ट ड्राइव्हला तुमचा रोजचा ड्रायव्हर आणा, सेल्समनने चालवून काही उपयोग नाही. पहिल्या दिवशीच ड्रायव्हरला हे सेटिंग शिकवलं तर अर्धी तक्रार तिथेच संपते.

ताकद म्हणजे काय

आकडे सगळे डोळे दिपवणारे आहेत. मायबाख ईक्यूएस 658 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), 950 एनएम (टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर), 0 ते 100 ला 4.4 सेकंद. मर्सिडीजच्याच जी 580 मध्ये प्रत्येक चाकाला एक अशा चार मोटर, 1164 एनएम. लोटस एलेट्रे आर तर 905 एचपी आणि तीन सेकंदांच्या आत शंभर. पण लोटसचाच साध्या एलेट्रेचा दावा 600 किमी रेंजचा आणि आर चा 490, बॅटरी दोन्हीत 112 युनिटचीच (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, किलोवॅट-तास). म्हणजे ती जास्तीची ताकद तुम्ही 110 किमी देऊन घेता, आणि मागे आई बसलेली असताना ती कधी वापरणार हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आम्ही 0 ते 100 मोजतो, पण निकाल त्यावर देत नाही. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 80 ते 120, म्हणजे ट्रकला ओव्हरटेक करतानाचं. ते एकदा नाही, भर उन्हात लागोपाठ चार-पाच वेळा, आणि चार्ज 30 टक्क्यांखाली असताना पुन्हा. बॅटरी तापली किंवा उतरली की काही गाड्या ताकद कमी करतात, तसं होत असेल तर ते घेण्याआधी कळलेलं बरं. (हे सगळं मोकळा पट्टा बघून आणि समृद्धीची 120 ची मर्यादा पाळून करायचं, त्यापेक्षा जास्त वेगाने आम्ही जात नाही.)

ब्रेककडे तर खूप लक्ष द्या. मायबाख ईक्यूएस असो की जी 580, गाडीचं वजन तीन टनांच्या आसपास, म्हणजे सात-आठ माणसांसकट भरलेल्या मोठ्या डिझेल एसयूव्हीएवढं. मोटरचा ब्रेक संपून खरा ब्रेक सुरू होतो त्या क्षणाला पायाखाली पायरी जाणवते का, थांबताना शेवटच्या एक-दोन मीटरला झटका बसतो का, ते हळू वेगाला, गर्दीत बघा. आणि बॅटरी 100 टक्के भरलेली असताना रीजन जवळजवळ लागत नाही, तेव्हा त्याच पायाला ब्रेक वेगळा वाटतो. ड्रायव्हरला हे माहीत असलंच पाहिजे.

इतवारीत नेण्याचं कारण मागची चाकं. गाडी 5 मीटरपेक्षा लांब, आरसे धरून 2 मीटरपेक्षा रुंद, तरी मागची चाकं 10 अंशांपर्यंत वळणारी गाडी सराफ्याच्या वळणावर छोट्या सेडानसारखी फिरते. मागची चाकं न वळणारी तिथे दोनदा रिव्हर्स घेते. घरचं गेट आणि पार्किंगचा उतार मात्र टेप लावून मोजूनच या.

रेंज आणि चार्जिंग

एकच 122 युनिटची बॅटरी, ईक्यूएस 580 एसयूव्हीचा एआरएआयचा (आपल्याकडे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा) आकडा 809 किमी, आणि मायबाखचा युरोपियन डब्ल्यूएलटीपी पद्धतीने 600 च्या आसपास. गाड्या थोड्या वेगळ्या आहेत हे खरं, पण मोठा फरक मोजायच्या पद्धतीचा आहे, म्हणून दोन ब्रोशर शेजारी ठेवताना आकडा कुठल्या पद्धतीचा ते आधी बघा. आणि 100 वरून 120 ला गेलात की हवेचा विरोध 44 टक्के वाढतो, जी 580 सारख्या चौकोनी गाडीला तर हे जास्तच महागात पडतं. समजा समृद्धीवर 120 ने, एसी फुल, चार माणसं, आणि 100 किमीला 28 युनिट लागले, तर 122 युनिटमध्ये 435 किमी, आणि 15 टक्के हाताशी ठेवले तर 370. नागपूर ते शिर्डी 520 आहे. म्हणजे मधे एक थांबा धरूनच निघायचं, हे आधी माहीत असलं की प्रवास छान होतो.

तो थांबा किती वेळाचा ते चार्जरवर आहे. 200 किलोवॅटच्या चार्जरवर 10 ते 80 टक्के साधारण अर्ध्या तासात, पण त्याच 85 युनिटला 60 किलोवॅटच्या चार्जरवर जवळजवळ दीड तास. घरी 11 किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर बसवला तर रिकामी गाडी 12 तासांत भरते, 7.4 चा असेल तर 17-18, आणि साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर दीड दिवस. म्हणून गाडी यायच्या आधी महावितरणकडून लोड वाढवून घ्या आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बंगल्यांत अर्थिंगचाच घोळ निघतो आणि मग चार्जर सुरूच होत नाही.

बाकी थोडक्यात. स्टेपनी आहे का विचारा, नसेल तर पंक्चर झाल्यावर नागपुरात त्या साइझचा टायर किती दिवसांत मिळेल ते लेखी घ्या. बॅटरी पॅक सीलबंद असतो, तरी 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरीचं पाणी घराघरात शिरलं होतं ते आठवा, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी राहणार असेल तर इन्शुरन्समध्ये पाण्यामुळे होणारं बॅटरीचं नुकसान धरलंय का वाचून घ्या. जीएसटी 5 टक्के आहे, टीसीएस (विकणारा गाडीच्या किमतीवर आधीच वसूल करतो तो आयकर) 1 टक्का वेगळा लागतो पण रिटर्नमध्ये वळता होतो. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, फास्टॅग काढताना गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणूनच झाली आहे ना ते बघा.

आमच्याकडे येताना रोज मागे बसणारं माणूस, तुमचा ड्रायव्हर, पार्किंगची मापं आणि शेवटचं वीजबिल घेऊन या. रिपोर्ट लेखी मिळतो, त्यात मोजलेले आकडे आणि आमचं मत वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि गाडी घेऊ नका असं मत असेल तर तेही कारणासकट कागदावर देतो, फी दोन्ही वेळी सारखीच.